दहा-दहा दिवसांचं बजेट : साताऱ्यात राहून शिकणाऱ्यांसाठी

आमच्या घरी पैसा महिन्याला यायचा नाही, दर दहा दिवसांनी यायचा. एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर, असे डेअरीचे तीन हिशेब. दोन म्हशी आणि एक जर्सी गाय, त्यांचं जे दूध जाईल त्याचं बिल. आईकडे डेअरीचं पुस्तक असायचं, कोपरे तेलकट झालेलं. तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. खाली कपात : पेंडीची दोन पोती, अ‍ॅडव्हान्सचा हप्ता. आणि सगळ्यात तळाला, हाती किती. आई रकमेकडे बघायचीच नाही. तिचं बोट थेट तळाच्या आकड्यावर जायचं आणि तिथूनच पुढच्या दहा दिवसांचं घर चालायचं.

मी बारावीनंतर खटाव तालुक्यातून साताऱ्याला बी.कॉम.ला आलो, धनंजयराव गाडगीळ कॉलेजात. गाडगीळ म्हणजे सहकाराचे मोठे अभ्यासक, देशाच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष, केंद्राची मदत राज्यांना कशी वाटायची याचं सूत्र ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते. त्यांच्या नावाच्या कॉलेजात ताळेबंद शिकणारा मी दर महिन्याच्या वीस तारखेला कफल्लक असायचो. वडील एक तारखेला एकरकमी पैसे द्यायचे. एक तारखेला खिशात अख्खा महिना असतो, आणि महिना फार लांबलचक वाटतो. पहिले दहा दिवस राजा, मधले दहा प्रधान, शेवटचे दहा दिवस मित्राच्या डब्यात हात.

दुसऱ्या वर्षी कधीतरी डोक्यात आलं की आईचंच पुस्तक इथे लावून बघू. आधी कपात, मग हाती, आणि तेही दहा दिवसांपुरतं. जमलं. आता मी साताऱ्यातच दुकानदारांचे हिशेब लिहितो. गेल्या जूनमध्ये माझी भाची गोडोलीत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं घेऊन, राहायला आली, तेव्हा तिच्याबरोबर वही घेऊन बसलो. पुढचं सगळं त्या वहीतलं आहे. आकडे तिचे आहेत. तुमच्या खोलीचे नि मेसचे वेगळे असतील, ते तुम्ही घाला.

आधी सात दिवस नुसतं लिहा

पहिल्या दिवशी बजेट करायला बसू नका. सात दिवस जसे जगता तसे जगा, फक्त लिहा. काटकसर करू नका, नाहीतर वहीत दुसऱ्याच कुणाचा तरी आठवडा येईल. रुपया-दोन रुपयांपर्यंत लिहा. कुणाला उसने दिले तेही लिहा, कारण विद्यार्थ्यांच्या जगात उसना दिलेला पन्नासचा आकडा बहुतेक वेळा खर्चच असतो.

हे वहीत का, मोबाइलमध्ये का नाही? मोबाइलमध्ये चालेल, पण यूपीआयची यादी म्हणजे नोंद नव्हे. यादीत दिसतं ते अमुक-अमुक ट्रेडर्सना वीस रुपये. तो वडापाव होता की झेरॉक्स, हे चार दिवसांनी तुम्हालाही सांगता येत नाही. भाचीच्या पहिल्या आठवड्यात अशा बावीस नोंदी निघाल्या, त्यातल्या नऊ कशाच्या ते तिला आठवेना. रात्री झोपताना तीन मिनिटं, रकमेसमोर एक शब्द : चहा, झेरॉक्स, रिक्षा, पेन. एवढं पुरे.

जमेच्या बाजूला फक्त आलेला पैसा

आता जमा लिहायची. इथे बहुतेकांची पहिली चूक होते : शिष्यवृत्ती येणार आहे म्हणून ती जमेत धरतात. दूध काढलं म्हणजे बिल झालं असं होत नाही, तसं अर्ज मंजूर झाला म्हणजे पैसे आले असं नाही. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा, हप्ता कधी या सत्रात येतो, कधी पुढच्या वर्षी. तो मासिक बजेटात घेऊच नका. आला की त्याची आधी ठरवलेली जागा असावी : राहिलेली फी, पुढच्या सत्राची पुस्तकं, घरी परत द्यायचे पैसे.

म्हणून अर्ज करायचा नाही असं मात्र मुळीच नाही. फीसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि बाहेर राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम, आणि ओबीसी, भटक्या-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. व्यावसायिक अभ्यासक्रमाला असलेल्या आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून सरकार भरतं. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या आहेत. कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर जाऊन तुम्हाला कोणती लागू आहे ते विचारा, आणि जूनमध्येच विचारा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला शेवटच्या आठवड्यात काढायला गेलात तर तिथली रांग बघूनच निम्मी शिष्यवृत्ती गेल्यासारखी वाटते.

एक गोष्ट मात्र जपा. हे पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात, आणि खाती चार असली तरी शेवटी जे खातं आधारशी जोडलं त्यातच येतात. नवीन खातं काढताना बँकेच्या फॉर्मवर डोळे झाकून सही केली की जोडणी तिकडे सरकते, आणि मुलगी जुन्या खात्यात पैसे शोधत बसते. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, दर सत्राला एकदा करा.

भाचीची जमा अशी : घरून ५५००, गोडोलीतल्याच दोन आठवीच्या मुलांची शिकवणी १८००. एकूण ७३००. घरचे पैसे तिने दोन वेळा मागून घेतले, एक तारखेला ४००० आणि बारा तारखेच्या आसपास १५००. तिच्या घरीही दूधच आहे, त्यामुळे ताईलाही हे सोयीचं पडलं. ज्यांच्या घरी उसाचं बिल येतं त्यांचं वेगळं. कायद्यानं एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेली उसाची किमान किंमत, चौदा दिवसांत द्यायची असते, पण बिल कधी जमा होतं ते ज्याच्या घरात ऊस आहे त्यालाच विचारा. अशा घरच्या मुलांनी बिल आल्यावर वडिलांकडून चार-पाच महिन्यांची मेस आणि भाडं एकदम मागून बाजूला ठेवावं. घरात आलेल्या पैशाला शंभर वाटा फुटतात.

वर्षाचा डबा

महिन्याचं बजेट कुणाचं चहानं मोडत नाही. ते मोडतं ते परीक्षा फॉर्मनं. ऑक्टोबरमध्ये अचानक नऊशे रुपये भरायचे येतात, आणि ते अचानक अजिबात नसतात. सत्र पद्धतीत वर्षातून दोनदा फॉर्म भरायचाच असतो. दिवाळी दर वर्षी येते. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचे फॉर्मही येतातच.

वर्षात येणारे पण दर महिन्याला न येणारे सगळे खर्च एका पानावर मांडा. भाचीचं पान असं झालं : परीक्षा फॉर्म दोन मिळून १८००, पुस्तकं १५००, दिवाळीचे कपडे १५००, एक सहल किंवा गॅदरिंग ६००, इतर फॉर्म नि दाखले ६००. बेरीज ६०००. बाराने भागा, महिन्याला ५००. ही तिची पेंडीची कपात. एक तारखेला पहिल्यांदा हे पाचशे बाजूला जातात, मग बाकीचं.

पुस्तकांचे पंधराशे तिनं नंतर आठशेवर आणले. वरच्या वर्गातल्या मुलींकडून अर्ध्या किमतीत घेतली. अभ्यासक्रम बदललेला नाही एवढं फक्त आधी बघायचं.

रिचार्जचंही याच पानावर गणित करा, कारण त्यात एक गोम आहे. बहुतेक प्लॅन २८ दिवसांचे असतात, म्हणजे वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. २९९ चा प्लॅन महिन्याला २९९ ला पडत नाही, ३२४ ला पडतो. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२२ च्या आदेशामुळे प्रत्येक कंपनीला निदान एक तरी ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला होणारा प्लॅन ठेवावा लागतो. अ‍ॅपमध्ये तो शोधावा लागतो, पहिल्या पानावर कुणी लावत नाही. स्वस्त पडतो का हे त्या-त्या वेळी बघा, पण तारीख पक्की राहते हेही कमी नाही.

कॉट, मेस आणि खाडा

इथे सावकाश बसा. भाचीच्या ७३०० पैकी ४४०० या दोन ओळींत जातात : कॉट १८००, मेस २६००. चहा सोडून महिन्याला जे वाचतं, तेवढं इथे एका नीट विचारलेल्या प्रश्नात वाचतं.

कॉट घेताना भाडं सगळेच विचारतात. त्याच्यापुढचं विचारा. लाइटबिल भाड्यात आहे की वेगळं, आणि वेगळं असेल तर सगळ्यांत सारखं वाटलं जातं का? गरम पाणी सोलरचं की गिझरचं? साताऱ्याच्या पावसाळ्यात सोलर आठवडा-आठवडा थंड असतो, मग हीटर रॉड येतो आणि बिलावरून भांडणं होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत जागा धरून ठेवायला अर्धं भाडं की पूर्ण? कॉलेजपर्यंत चालत जाता येतं का? शाहूनगरच्या वरच्या अंगाला खोली दोनशेनं स्वस्त मिळते, पण तिथून रोज रिक्षानं पोवई नाक्याला उतरलात तर ते दोनशे आठवड्याभरात फिटतात.

आणि डिपॉझिट. मी तिसऱ्या वर्षी एक खोली सोडली तेव्हा मालकांनी भिंतीला खिळे ठोकलेत, रंग द्यावा लागेल म्हणून दोन महिन्यांचं डिपॉझिट ठेवून घेतलं. खिळे माझ्या आधीचेच होते, पण ते मी कशावरून सांगणार? पावती नव्हती, फोटो नव्हता. भाचीला पहिल्या दिवशी खोलीचे, भिंतींचे, नळाचे, गादीचे फोटो काढायला लावले आणि मालकीणबाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला लावले, «काकू, आज राहायला आले, खोलीचे फोटो पाठवतेय» एवढ्याच ओळीबरोबर. डिपॉझिट यूपीआयनं दिलं आणि नोटमध्ये डिपॉझिट हा शब्द लिहिला. काकूंना राग आला नाही. त्यांनी उलट अंगठा पाठवला.

आता मेस. दोन वेळचं महिन्याला २६००, म्हणजे दिवसाला ८७ रुपये. हा आकडा पाठ करा, कारण दिवसाचं जेवण चुकलं की तेवढे पैसे ताटात राहतात. मेसवाल्या मावशींना चार गोष्टी विचारायच्या : खाडा कधीपासून धरता, किती दिवस आधी सांगायचं, खाड्याचे पैसे परत की पुढच्या महिन्यात वळते, आणि रविवारी रात्री मेस असते का.

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण बऱ्याच मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि रात्री बंद असतात. म्हणजे महिन्यात चार रात्री बाहेर. एका वेळचे ऐंशी धरले तरी तीनशे वीस. मेसचा खरा दर मग २६०० नाही, २९२० होतो, आणि तो कुठेच लिहिलेला नसतो. भाचीनं रविवारच्या रात्रीसाठी घरून शेंगदाण्याची चटणी नि ज्वारीच्या भाकरी आणायला सुरुवात केली. भाकरी दोन दिवस छान राहते, त्यानंतर चटणीबरोबर पाव.

खाड्याचा हिशेब तर आणखी मजेचा. तिच्या मेसला सलग तीन दिवसांच्या खालचा खाडा धरत नाहीत, आणि आदल्या दिवशी सांगावं लागतं. ती सुरुवातीला दर शनिवारी दुपारी गावी जायची आणि सोमवारी सकाळी यायची. जेवणं चुकायची, खाडा शून्य. महिन्याला चार वेळा एसटी, शिवाय येताना बसस्टँडवरून रिक्षा. आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो आणि शनिवार-रविवारला जोडून येणाऱ्या सुट्ट्यांवर खुणा केल्या. आता ती महिन्यातून एकदाच जाते, पण तीन-चार दिवस जाते. तीन दिवसांचा खाडा म्हणजे २६१ रुपये, वर तीन फेऱ्यांची तिकिटं वाचली. ताईला आधी वाईट वाटलं, मग म्हणाली, «आता निदान तीन रात्री झोपते तरी घरात.»

सकाळी उठून दुपारचं जेवण गाठता येत नाही असं असेल तर कूपनवाली मेस बघा. एका ताटाला थोडी महाग पडते, पण खाल्लं तेवढंच जातं. महिन्यात पंधरा जेवणं चुकत असतील तर कूपन परवडतं. ती चुकतात की नाही हे तुमच्या सात दिवसांच्या वहीत आहेच.

एसटी

रोज ये-जा करणाऱ्यांना एसटीचा मासिक पास ६६.६७ टक्के सवलतीनं मिळतो, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा भरायचा. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. पास नसेल तरी मार्च २०२३ पासून मुली-बायकांना अर्धं तिकीट आहेच, त्यामुळे महिन्यातून एकदा गावी जाणाऱ्या मुलीनं पासाच्या मागे लागू नये.

कोरेगावसारख्या वीसेक किलोमीटरवरच्या गावातून येणाऱ्यांनी कॉट घेण्याआधी कागदावर तुलना करावी. एकीकडे कॉट, मेस, लाइटबिल. दुसरीकडे पास, दुपारचा घरचा डबा, आणि रोजचे दोन-अडीच तास. बहुतेकांना पैशानं पास परवडतो. प्रॅक्टिकलं संध्याकाळपर्यंत चालणाऱ्यांना वेळेनं परवडत नाही. हा निर्णय पैशाचा कमी आणि झोपेचा जास्त आहे.

अडतीस रुपये

आता भाचीचं पान पूर्ण करू.

जमा ७३००
कॉट १८००
मेस २६००
लाइटबिलाचा वाटा १५०
रिचार्ज ३२५
वर्षाचा डबा ५००
कपात एकूण ५३७५
हाती १९२५

या १९२५ मधून येणं-जाणं आणि पावसातली रिक्षा यांना ४०० वेगळे काढले, अडीनडीला ३७५. राहिले ११५०. तिनाने भागले, वरचे सुटे सोडून दिले : दहा दिवसांना ३८०. दिवसाला अडतीस रुपये. चहा, वडापाव, झेरॉक्स, वह्या, साबण, तेल, सगळं यातच.

आकडा ऐकून तिचा चेहरा उतरला. पण गंमत अशी की महिन्याचे ११५० हातात असताना ती चार दिवसांत तीनशे घालवायची, आणि अडतीस म्हटल्यावर तिला दुसऱ्या चहाला नाही म्हणणं सोपं गेलं. ११५० मधले बारा जाताना दिसत नाहीत. अडतीसमधले बारा चांगलेच दिसतात.

रोज अडतीसच खर्च करायचे असं नाही. दोन दिवस काही न घेता तिसऱ्या दिवशी शंभराचा शाम्पू आणला तरी चालेल. बांध फक्त दहा दिवसांचा आहे. दहाव्या रात्री उरलेले पुढच्या दहा दिवसांत ढकलायचे नाहीत, अडीनडीत टाकायचे. ढकलले की एकवीस ते तीस हा तुकडा श्रीमंत होतो, आणि श्रीमंत तुकडा लगेच उडतो. एकतिसावा दिवस उपरा असतो, त्याचे अडतीस अडीनडीतून घ्या. फेब्रुवारीत त्याची थोडी भरपाई होते.

पैसे वेगळे ठेवायचे कसे, हा खरा पेच आहे. पूर्वी मी तीन पाकिटं करायचो आणि दोन ट्रंकेत टाकून किल्ली रूम पार्टनरकडे द्यायचो. आता पैसा फोनमध्ये असतो, त्याला ट्रंक नाही. दोन मार्ग आहेत. एक, किमान शिल्लक न लागणारं दुसरं साधं बचत खातं. घरचे पैसे आणि शिष्यवृत्ती पहिल्या खात्यात, रोजचं यूपीआय दुसऱ्यावर, आणि एक, अकरा, एकवीस तारखेला ३८० इकडून तिकडे. (हे खातं काढतानाच आधार जोडणीचं वर लिहिलेलं आठवा.) दुसरा मार्ग यूपीआय लाइटचा. त्यात दर दहा दिवसांनी ३८० भरायचे आणि छोटे खर्च त्यातूनच करायचे. पिन लागत नाही म्हणून लोक त्याला घाबरतात, पण त्यात भरलेत तेवढेच जाऊ शकतात. अट एकच : आपोआप पुन्हा भरण्याची सोय बंद असली पाहिजे, नाहीतर डब्याला बूडच नाही. भाचीनं दुसरा मार्ग घेतला. संपले की संपले, आणि संपलेलं स्क्रीनवर दिसतं.

त्याच अ‍ॅपमध्ये ऑटोपेचं पान असतं, ते एकदा उघडून बघा. महिना फुकट म्हणून चालू केलेली एखादी गाण्यांची नाहीतर मालिकांची वर्गणी तिथे निवांत बसलेली असते. भाचीची एक निघाली, एकशे एकोणपन्नासची. चार दिवसांचे अडतीस झाले की.

रोख पैसे काढत असाल तर एटीएम मोजा. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मोठी महानगरं सोडून पाच. त्यानंतर दर वेळी २३ रुपयांपर्यंत नि वर कर, मे २०२५ पासून. दोनशे-दोनशे काढणाऱ्याला हे लागतं.

काँट्री, टीटीएमएम आणि कास

बजेट एकट्यानं करता येतं, मोडायला चौघं लागतात. वाढदिवसाची काँट्री, «चल रे, मी देतो, तू नंतर दे», आणि सप्टेंबरात कास.

काँट्रीचं मी भाचीला एकच सांगितलं : आकडा आधी विचारायचा. केक आणून कापून झाल्यावर माणशी दीडशे आले की बोलायला तोंड राहत नाही. आधी विचारलं की ग्रुपमध्ये आणखी दोघी तरी सुटकेचा निःश्वास सोडतात, कारण त्यांचंही अडतीसच असतं. त्यांच्या खोलीनं आता वाढदिवसाला माणशी तीस ठरवलेत. तीसमध्ये केक येत नाही, पण मोती चौकातून पावशेर कंदी पेढे येतात, आणि साताऱ्यात राहून केक कशाला कापायचा हा माझा जुना प्रश्न आहे.

हॉटेलात टीटीएमएम ठरलं असेल तर बसण्याआधी ठरलेलं बरं. तुझं तू, माझं मी म्हणजे बिल समान वाटणं नव्हे, हेही तेव्हाच ठरवा. नुसती मिसळ खाणारा दुसऱ्याच्या पनीरचे पैसे भरत बसतो.

कासला जायला ना नाही. साताऱ्यात तीन वर्षं राहून पठार बघितलं नाही असं सांगायलाही लाज वाटते. पण ते वर्षाच्या डब्यातल्या सहाशेत बसवा. फुलांच्या हंगामात प्रवेशाला पैसे पडतात आणि शनिवार-रविवारी गर्दीत तासभर रांगेत जातो, तेव्हा मधल्या वारी कॉलेज सुटल्यावर जा. ज्यांना नुसतं फिरायचंय त्यांना चार भिंतींचं स्मारक आणि अजिंक्यतारा किल्ला आहेच, चालत, फुकट.

उधारीचं खातं टपरीवर उघडू नका. मी उघडलं होतं. महिनाअखेरीला टपरीवाल्याच्या वहीत माझे सत्तावन्न चहा होते. मला तीस आठवत होते. भांडायला माझ्याकडे वही नव्हती, त्याच्याकडे होती.

मोडलं तर

मोडणार. पहिल्या तीन महिन्यांत एकदा तरी मोडणारच. भाचीचं ऑगस्टमध्ये मोडलं : छत्री हरवली, चप्पल तुटली, दोन्ही एकाच आठवड्यात. दहा दिवसांचे तीनशे ऐंशी सहाव्या दिवशी संपले.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी अडीनडी. ती संपली तर येण्या-जाण्याचे चारशे, म्हणजे त्या महिन्यात गावी नाही. त्यानंतर घरी फोन, खरा आकडा सांगून. वर्षाच्या डब्याला हात लावायचा नाही, आणि कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तर अजिबात नाही. पाच मिनिटांत दोन हजार देणारी ही अ‍ॅप व्याजाबरोबर तुमच्या फोनमधले नंबर नि फोटोही मागतात, आणि हप्ता चुकला की ते तुमच्या आत्याला फोन करतात. कुणी आधीच त्यात अडकला असेल नि धमक्या येत असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा आणि घरी सांगा. आत्याच्या आधी आईला कळलेलं चांगलं.

दोन महिने सलग तोच खर्च बांध फोडत असेल तर तुमचा आकडा चुकलाय. मन मारत बसण्यापेक्षा आकडा दुरुस्त करा. भाचीची झेरॉक्स अशीच वाढत होती. प्रत्येकजण वेगळी काढत होता. आता पाच जणी मिळून एक संच काढतात आणि वर्गातल्या ग्रुपवर फोटो टाकतात.

जमा वाढवायची असेल तर

खर्च एका मर्यादेपर्यंतच दाबता येतो, मग जमेकडे बघावं लागतं. आणि कमावत शिकण्याची परंपरा साताऱ्यात जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली, आणि इथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राबून, रांधून शिकली. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते कमवा आणि शिका याच पायावर.

ती योजना आजही अनेक कॉलेजांत आहे : ग्रंथालय, ऑफिस, प्रयोगशाळा, बाग, तासावर मानधन. जागा थोड्या असतात, म्हणून प्रवेशाच्या आठवड्यातच अर्ज करा. काही मुलांना याची लाज वाटते. लाज वाटणाऱ्यांनी कॉलेजच्या आवारातला कर्मवीरांचा पुतळा एकदा नीट बघावा.

शिकवणी सगळ्यात बरी, तासाला जास्त सुटतं. दुकानातलं संध्याकाळचं काम मिळतं, पण आठवड्याला पंधरा-सोळा तासांच्या वर गेलात की सत्र हातचं जातं, आणि मागे राहिलेल्या विषयाचा फॉर्म पुन्हा भरावा लागतो. तो खर्च कमाईतून वजा करूनच काम स्वीकारा. शिकवणीचे पैसे दिवाळीत आणि मे महिन्यात येत नाहीत, हेही आधीच धरा. भाची १८०० वर्षातले दहाच महिने धरते.

मे महिन्यात

परीक्षा संपली की सगळे बॅगा भरतात आणि वही टाकून देतात. तसं करू नका, दोन दिवस थांबा. मेसचे वळते खाडे किती उरलेत ते मावशींकडून लिहून घ्या. पुढच्या वर्षी मेस बदलणार असाल तर ते पैसे आत्ताच मागायचे असतात. खोली सोडणार असाल तर महिनाभर आधी सांगितलंय का बघा, नाहीतर एक भाडं जातं. सोडताना जूनमधले फोटो उघडून मालकांबरोबर खोली बघा. कॉलेजची अनामत रक्कम, ग्रंथालयाचं डिपॉझिट बहुतेक मुलं विसरूनच जातात. शेवटच्या वर्षाला असाल तर पावती घेऊन ऑफिसात अर्ज द्या. पुस्तकं खालच्या वर्गाला विका, गावी नेऊन माळ्यावर टाकू नका.

भाचीच्या डब्यात वर्षाअखेरीला ६४० रुपये उरले होते, पुस्तकांतले सातशे वाचले होते ना, त्यातले साठ कुठे गेले ते मात्र वहीत सापडेना. ती अजून शोधतेय.